क्रिप्टो सेवा सुरू करताय? आधी घड्याळ जुळवा

क्रिप्टो एक्सचेंज, कस्टडी (दुसऱ्याचं क्रिप्टो सांभाळणं) किंवा वॉलेट सेवा सुरू करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : परवाना कुठे मिळतो? भारतात तसा परवाना नाही. आर्थिक गुप्तवार्ता विभाग, म्हणजे एफआययू-इंड, यांच्याकडे नोंदणी करावी लागते आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश पाळावे लागतात. एफआययूकडची नोंदणी ही परवानगीही नव्हे आणि गुणवत्तेचा शिक्काही नव्हे. जाहिरातीत 'सरकारमान्य' असं छापण्याचा मोह टाळा.

या दोन संस्था दोन वेगळ्या गोष्टी विचारतात. एफआययू विचारते, पैसा कोणाचा आणि कुठे गेला. सर्ट-इन विचारते, यंत्रणेत काय घडलं आणि नेमकं केव्हा. दोघांनाही उत्तर द्यायचं ते तुमच्याकडच्या नोंदींतून. त्यामुळे पुढच्या बहुतेक पायऱ्या नोंदींबद्दलच आहेत. फायरवॉल कुठला घ्यायचा हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

पायरी १ : आपण कक्षेत येतो का?

७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी डिजिटल मालमत्तेशी संबंधित पाच कामं पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आणली : क्रिप्टो आणि चलन यांची अदलाबदल, एका क्रिप्टोची दुसऱ्याशी अदलाबदल, हस्तांतर, सांभाळणूक किंवा तिच्यावर ताबा देणाऱ्या साधनांचं व्यवस्थापन, आणि एखाद्याने बाजारात आणलेल्या टोकनच्या विक्रीशी जोडलेल्या वित्तीय सेवा. यातलं एक जरी काम तुम्ही दुसऱ्यासाठी, धंदा म्हणून करत असाल तरी तुम्ही 'रिपोर्टिंग एंटिटी', म्हणजे एफआययूला कळवायला बांधील संस्था, ठरता. कंपनी कुठे नोंदवली आहे यावर हे ठरत नाही. भारतातल्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या परदेशी एक्सचेंजना एफआययूने डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा काढल्या होत्या. पुढे बायनान्सला १८.८२ कोटी आणि बायबिटला ९.२७ कोटी रुपयांचा दंड झाला. दुबईत किंवा सिंगापुरात कंपनी काढून पुण्यातले ग्राहक घेण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्याला हे दोन आकडे दाखवा.

वॉलेटच्या बाबतीत कळीचा प्रश्न एकच : प्रायव्हेट की (क्रिप्टो खर्च करायची गुप्त किल्ली) कोणाच्या हातात आहे? ती फक्त ग्राहकाच्या फोनमध्ये असेल आणि तुम्ही नुसतं सॉफ्टवेअर देत असाल, तर 'सांभाळणूक' तुमची नाही असं म्हणायला जागा आहे. पण 'की हरवली तर परत मिळवून देऊ' म्हणून तिचा तुकडा तुमच्या सर्व्हरवर ठेवलात, की वकिलाचं मत लेखी घ्यायची वेळ आली.

सर्ट-इनच्या बाबतीत एवढी पळवाटही नाही. २८ एप्रिल २०२२ चे निर्देश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० बी (६) खाली निघाले. सहा तासांत घटना कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग (यंत्रणेत आपोआप होणाऱ्या नोंदी) ठेवणं या अटी प्रत्येक कंपनीला लागू आहेत. क्रिप्टो सेवा, एक्सचेंज आणि कस्टडी वॉलेटवाल्यांवर त्यात पाच वर्षांच्या नोंदींची आणखी एक अट आहे. निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा पूर्वी एक लाख रुपये होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती एक कोटी केली.

पायरी २ : माणसं नेमा, पण पत्ता पदाचा द्या

एफआययूसाठी एक 'डेझिग्नेटेड डायरेक्टर' आणि एक 'प्रिन्सिपल ऑफिसर' लागतो. सर्ट-इनला एक संपर्क व्यक्ती कळवावी लागते : नाव, पद, संस्था, कार्यालयाचा पत्ता, ईमेल, मोबाइल, दूरध्वनी. हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि तरीही इथेच गोंधळ होतो. सुरुवातीला एखाद्या इंजिनिअरचा वैयक्तिक कंपनी-ईमेल दिला जातो, तो दीड वर्षाने नोकरी सोडतो, खातं बंद होतं आणि सर्ट-इनचं पत्र कुणालाच पोचत नाही. पदाच्या नावाचा सामायिक मेलबॉक्स काढा, तो किमान तिघांना दिसू द्या, आणि माणूस बदलला की माहिती बदलून कळवणं हे राजीनाम्याच्या प्रक्रियेतलं एक खूणघर करा. छोट्या कंपनीत सगळी पदं संस्थापकालाच देतात. तो विमानात असताना हल्ला झाला तर काय, हे आधीच लिहून ठेवा.

पायरी ३ : घड्याळ

निर्देशांतला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. सर्व यंत्रणांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, अर्थात एनपीएल, यांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळलेली हवीत, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या स्रोताशी. एनआयसीच्या सर्व्हरची नावंच 'समय१' आणि 'समय२' आहेत, लक्षात ठेवायला सोपी. क्लाउडवर असाल तर क्लाउड कंपनीचा स्वतःचा वेळ-स्रोत चालतो, फक्त तो एनआयसी-एनपीएलच्या वेळेपासून ढळता कामा नये. तो ढळत नाही हे तुम्ही तपासता याचा पुरावा ठेवा. रोज एकदा फरक मोजून लॉगमध्ये लिहिणारी छोटी स्क्रिप्ट पुरते.

खरी अडचण मात्र टाइम झोनची असते. फायरवॉल यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, लिहितो, डेटाबेस भारतीय वेळेत, आणि ॲप नुसतीच वेळ लिहितं, झोन लिहीतच नाही. फरक साडेपाच तासांचा. घटना कळवायला मिळतात सहा तास. म्हणजे घाबरलेल्या माणसाने रात्री अडीच वाजता चुकीच्या झोनमधला लॉग वाचला, तर त्याच्या हिशेबात जवळजवळ अख्खी मुदत गायब होऊ शकते किंवा आहे त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट दिसू शकते. सगळीकडे यूटीसीत साठवा, झोन सोबत लिहा, आणि भारतीय वेळ फक्त पडद्यावर दाखवताना वापरा.

'ब्लॉकचेनवर वेळ असतेच की' असं तुमचा डेव्हलपर म्हणेल. बिटकॉइनच्या ब्लॉकवरची वेळ मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारा, लिहितो. ती आधीच्या अकरा ब्लॉकच्या मध्यम वेळेपेक्षा पुढची हवी, आणि नोडच्या (ब्लॉक तपासणाऱ्या संगणकाच्या) वेळेपेक्षा दोन तासांहून अधिक पुढे नको, एवढीच अट आहे. तासाभराची चूक नियमात बसते. म्हणून व्यवहारावर सही कधी झाली, तो नेटवर्कवर कधी सोडला आणि ब्लॉकमध्ये कधी दिसला, या तिन्ही वेळा तुमच्या घड्याळाने नोंदवा.

पायरी ४ : १८० दिवसांचे लॉग

फायरवॉल, घुसखोरी ओळखणारी यंत्रणा, वेब सर्व्हर, डेटाबेस, मेल, प्रॉक्सी, एसएसएच, व्हीपीएन, ॲप्लिकेशन : सगळ्यांचे लॉग, यशस्वी आणि फसलेले दोन्ही प्रयत्न. क्रिप्टोवाल्यांनी यात स्वतःहून भर घालायची ती अशी : सही करणाऱ्या सेवेचे लॉग, पैसे काढण्याच्या मंजुऱ्या, मान्य पत्त्यांच्या यादीतले बदल, एपीआय की तयार झाल्याच्या आणि रद्द झाल्याच्या नोंदी, आणि ॲडमिन पॅनलवरची प्रत्येक क्लिक. चोरी शोधताना पहिल्यांदा हेच लागतात, आणि बहुतेक वेळा हेच नसतात.

क्लाउडच्या मूळ सेटिंगवर विसंबू नका. ॲमेझॉनच्या क्लाउडट्रेलची घटनासूची ९० दिवसांची असते. गूगल क्लाउडचा डीफॉल्ट लॉग-कप्पा ३० दिवसांचा. नेटवर्कचे फ्लो लॉग तर मुद्दाम चालू केल्याशिवाय निघतच नाहीत. कुबर्नेटिसवर असाल तर पॉड (ॲप चालवणारा तात्पुरता कप्पा) मेला की त्याचे लॉगही गेले. शंभराव्या दिवशी हे लक्षात आलं तर मागचं काही परत आणता येत नाही.

जागेचा हिशेब सरळ आहे. दिवसाला २० जीबी लॉग असतील तर १८० दिवसांचे ३,६०० जीबी. मजकूर असल्याने कॉम्प्रेस केल्यावर ते बरेच आटतात. शेवटचे ३० दिवस झटपट शोधता येतील असे ठेवा, बाकीचे स्वस्त साठवणुकीत, पण 'एकदा लिहिलं की पुसता येत नाही' अशा कुलपासह आणि वेगळ्या क्लाउड खात्यात. मुख्य खात्याचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्या हाती लागला तो पहिल्यांदा लॉगच पुसतो. निर्देशांत लॉग भारताच्या कक्षेत ठेवायला सांगितलं आहे. प्रत परदेशात असायला हरकत नाही, मात्र मागितल्यावर वेळेत देता आली पाहिजे. मुंबई किंवा हैदराबादचा क्लाउड विभाग निवडला की हा प्रश्नच उरत नाही.

आता आयपी पत्त्याची गंमत. तुमच्यासमोर सीडीएन किंवा लोड बॅलन्सर (ग्राहकाची विनंती आधी झेलून पुढे पाठवणारी मधली यंत्रणा) असेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक ग्राहकाचा आयपी म्हणून त्या सीडीएनचाच पत्ता दिसतो. मूळ पत्ता हेडरमधून काढून लिहावा लागतो, आणि तो हेडर फक्त तुमच्याच सीडीएनकडून आला असेल तरच खरा मानायचा, नाहीतर कोणीही खोटा भरून पाठवेल. दुसरं, मोबाइल नेटवर्कवर एकच सार्वजनिक आयपी एकाच वेळी शेकडो ग्राहक वापरतात. सोर्स पोर्ट (जोडणीचा ग्राहकाकडचा क्रमांक) नोंदवला नसेल तर मोबाइल कंपनीकडून त्यातला नेमका माणूस मिळणं अवघड. हे एक जास्तीचं फील्ड आहे, आजच घाला.

लॉगमध्ये काय नको तेही ठरवा : सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवायचे शब्द), प्रायव्हेट की, ओटीपी, पूर्ण आधार क्रमांक. डीबग मोड चुकून चालू राहतो आणि हे सगळं साध्या अक्षरांत साठत राहतं.

मुदतीबद्दल एक सल्ला. नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचे, म्हणजे डीपीडीपीचे, नियम अधिसूचित झाले. त्यांतली मुख्य बंधनं दीड वर्षाने लागू होतात, आणि त्यांत लॉग किमान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. आज १८० दिवसांसाठी रचना करून पुढे ती मोडण्यापेक्षा पहिल्यापासूनच एक वर्ष आणि थोडे वरचे दिवस धरा.

पायरी ५ : पाच वर्षांच्या नोंदी

केवायसी आणि आर्थिक व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायच्या, आणि त्या अशा की एकेक व्यवहार पुन्हा उभा करता येईल : कोणाकोणात झाला, त्यांचे आयपी पत्ते वेळ आणि टाइम झोनसह, व्यवहार क्रमांक, पब्लिक की किंवा तत्सम ओळख, पत्ते किंवा खाती, प्रकार, तारीख, रक्कम. पीएमएलएचा हिशेब थोडा वेगळा आहे. व्यवहाराची नोंद त्या व्यवहारापासून पाच वर्षं, पण ओळखीची कागदपत्रं ग्राहकाशी संबंध संपल्यापासून पाच वर्षं. ग्राहक सात वर्षं राहिला तर त्याची केवायसी बारा वर्षं सांभाळायची. 'पाच वर्षं झाली की पुसून टाक' अशी सरसकट स्क्रिप्ट लिहिली तर गडबड होणार.

कागदावर हे सोपं वाटतं. डेटाबेसची रचना करताना खालच्या गोष्टी सुटतात.

फी वाचवायला एक्सचेंज चाळीस ग्राहकांची रक्कम एकाच बिटकॉइन व्यवहारातून पाठवतं. सगळ्यांचा व्यवहार हॅश, म्हणजे ब्लॉकचेनवरची व्यवहाराची ओळखखूण, एकच. तेव्हा हॅशसोबत आउटपुटचा (त्या व्यवहारातल्या एकेका पाठवणीचा) क्रमांक आणि तुमचा अंतर्गत क्रमांक असे तिन्ही जोडून ठेवा.

अडकलेला व्यवहार जास्त फी देऊन पुन्हा सोडला की हॅश बदलतो. जुना हॅश पुसून नवा लिहिला तर ग्राहकाच्या हातातल्या स्क्रीनशॉटवरचा हॅश तुमच्याकडे सापडणार नाही. दोन्ही ठेवा.

एक्सआरपीसारख्या ब्लॉकचेनवर सगळ्या ग्राहकांसाठी पत्ता एकच असतो आणि ग्राहक ओळखतात तो डेस्टिनेशन टॅगवरून. टॅग नसलेली नोंद निरुपयोगी.

रक्कम दशांशातल्या फ्लोटिंग आकड्यात कधीही ठेवू नका. एका इथरचे १० चा १८ वा घात इतके वेई होतात. फ्लोटमध्ये शेवटचे अंक गळतात आणि पाच वर्षांनी ताळेबंद जुळत नाही. सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवा.

आणि एक्सचेंजच्या आतल्या आत झालेलं हस्तांतर चेनवर दिसतच नाही. त्याचा एकमेव पुरावा तुमचं खातेपुस्तक.

पायरी ६ : ऑडिट

एफआययूकडे नोंदणीसाठी सर्ट-इनच्या पॅनलवरील ऑडिटरकडून सायबर सुरक्षा ऑडिट लागतं. ही अट २०२५ मध्ये आली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्ट-इनने ऑडिटची सर्वंकष मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार ऑडिट वर्षातून किमान एकदा. ऑडिटर पॅनलवर आहे की नाही हे सर्ट-इनच्या संकेतस्थळावरच्या चालू यादीत, करार करायच्या दिवशी पाहा. त्याच्या माहितीपत्रकातला लोगो पाहून ठरवू नका.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे व्याप्ती अपुरी ठेवणं. स्वस्त कोटेशनमध्ये एक वेबसाइट आणि एक मोबाइल ॲप असतं. सही करणारी सेवा, ॲडमिन पॅनल, कोड तयार होऊन सर्व्हरवर जाण्याची साखळी आणि कस्टडी पुरवठादाराचा इंटरफेस बाहेर राहतो. चोऱ्या मात्र तिथूनच होतात. पहिल्या वेळी दोन महिने धरा : तपासणी, त्रुटींची दुरुस्ती, पुन्हा तपासणी, मग प्रमाणपत्र. आणि प्रमाणपत्र तपासलेल्या आवृत्तीपुरतंच असतं. पुढच्या आठवड्यात पैसे काढण्याचा कोड बदललात तर ते कागद म्हणूनच उरतं.

पायरी ७ : नियम जिथे थांबतात तिथलं काम

आतापर्यंतचं सगळं पाळूनही पैसे जाऊ शकतात, हे स्पष्टच सांगायला हवं. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. त्या वॉलेटला एकाहून अधिक सह्या लागत होत्या : तीन कंपनीच्या, एक कस्टडी पुरवठादाराची. सह्या सगळ्या खऱ्या होत्या. पडद्यावर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावरच. नंतर दोष कोणाचा यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिटचे सुमारे दीड अब्ज डॉलर याच धाटणीने गेले. तिथे वॉलेटच्या वेब इंटरफेसचा कोडच एका डेव्हलपरच्या संगणकातून शिरून बदलला होता.

दोन्ही ठिकाणी सही पैसे पाठवण्यावर झालीच नव्हती. वॉलेटचा आतला कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे वॉलेट चालवणारा ब्लॉकचेनवरचा प्रोग्राम, बदलण्यावर झाली होती. म्हणून सही करणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी शिकवा. 'सेफ' या अनेक सह्यांच्या वॉलेट प्रकारात 'ऑपरेशन' या फील्डची किंमत नेहमीच्या पाठवणीत ० असते. १ दिसली तर ते डेलिगेटकॉल, म्हणजे दुसऱ्याचा कोड तुमच्या वॉलेटच्या अधिकाराने चालवणं, आहे, हात थांबवा आणि फोन करा. दुसरं, व्यवहाराचा हॅश वेगळ्या संगणकावर, वेगळ्या प्रोग्रामने काढा आणि हार्डवेअर वॉलेटच्या पडद्यावरच्या हॅशशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. हार्डवेअर वॉलेट कच्चा डेटा दाखवून नुसतं 'मान्य?' विचारत असेल, तर ती आंधळी सही. तिसरं, सह्या करणारे सगळे एकाच कंपनीचे लॅपटॉप आणि एकच ब्राउझर वापरत असतील, तर चार सह्या मोजायला चार, हल्लेखोराला एकच.

जुलै २०२५ मधला कॉइनडीसीएक्स या भारतीय एक्सचेंजचा प्रसंग वेगळा धडा देतो. तिथे ग्राहकांच्या वॉलेटना धक्का लागला नाही. तरलतेसाठी वापरलं जाणारं अंतर्गत खातं रिकामं झालं, सुमारे ४.४ कोटी डॉलरचं. 'ते आपलंच आतलं खातं आहे' म्हणून ज्या खात्यावर मर्यादा घातलेली नसते, त्याची यादी आज करा.

पायरी ८ : सहा तास

मुदत सुरू होते ती घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून. दुसरा भाग नीट वाचा. एखाद्या संशोधकाने रात्री मदत-कक्षाच्या ईमेलवर 'तुमच्या हॉट वॉलेटमधून विचित्र हालचाल दिसते' असं कळवलं आणि तो मेल सकाळपर्यंत तिकिटांच्या रांगेत पडून राहिला, तरी मुदत चालूच. मदत-कक्षाला सुरक्षेच्या तक्रारींसाठी वेगळी, जागी राहणारी वाट हवी.

पहिल्या अर्ध्या तासात : कोणाला, केव्हा, कसं कळलं ते कागदावर लिहा. सह्या थांबवा, पैसे काढणं बंद करा. सर्व्हर बंद करू नका. मेमरीत असलेला पुरावा त्यासरशी जातो. डिस्कची आणि मेमरीची प्रत घेतल्याशिवाय काहीही नव्याने उभारू नका.

पुढच्या दीड तासात : चोराचे पत्ते इतर एक्सचेंजना कळवा. टेथर आणि सर्कल या कंपन्या आपापली स्टेबलकॉइन (डॉलरशी बांधलेली नाणी) कॉन्ट्रॅक्टमधूनच गोठवू शकतात, पण ती दुसऱ्या टोकनमध्ये बदलण्याआधी. हे संपर्क आधीपासून लिहून ठेवलेले हवेत. चोरी झाल्यावर शोधायला वेळ मिळत नाही.

चौथ्या तासाला सर्ट-इनचा अहवाल पाठवा, ईमेलने. फोनसाठी १८००-११-४९४९. कारण सापडेपर्यंत थांबू नका. त्या क्षणी हाती आहे तेवढं द्यायचं, बाकीचं मागाहून. एका पानाचा नमुना आधीच अर्धा भरून ठेवा : संस्था, संपर्क, बाधित यंत्रणा, घटनेची वेळ, लक्षात आल्याची वेळ, लक्षणं, केलेले उपाय. कस्टडी किंवा क्लाउड पुरवठादारावर 'तो कळवेल' म्हणून सोडू नका. करारात काहीही लिहिलं तरी तुमची जबाबदारी सुटत नाही, आणि तुम्हाला तासाभरात कळवण्याचं कलम त्याच करारात हवं.

सर्ट-इनला कळवलं म्हणजे पोलिसांना कळवलं असं होत नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार वेगळी, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन वेगळी, एफआययूला संशयास्पद व्यवहाराचा अहवाल फिनगेट पोर्टलवर वेगळा. हा शेवटचा अहवाल दिल्याचं संबंधित ग्राहकाला सांगता येत नाही. खातं गोठवल्यावर मदत-कक्षातला नवखा मुलगा 'सर, तुमचा रिपोर्ट वर गेलाय' असं बोलून जातो. त्याच्यासाठी एक ठरलेलं वाक्य तयार ठेवा. ग्राहकांचा वैयक्तिक डेटा फुटला असेल तर डीपीडीपीची बंधनं लागू झाल्यावर त्यांना आणि डेटा संरक्षण मंडळालाही विनाविलंब कळवायचं आहे, आणि मंडळाला ७२ तासांत तपशीलवार. युरोपात सेवा देत असाल तर तिथला वित्तीय संस्थांच्या डिजिटल सुरक्षेचा डोरा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. घटना गंभीर ठरवल्यापासून कळवायला चार तास, आणि कळल्यापासून जास्तीत जास्त २४. चौथ्या तासाची सवय तिथेही कामी येते.

वर्षातून दोनदा तालीम घ्या, शनिवारी रात्री, आगाऊ न सांगता. दोन कामं द्या. पहिलं : काल्पनिक घटनेचा अहवाल भरून तयार करा. दुसरं : चौदा महिन्यांपूर्वीची एक विशिष्ट पैसेकाढणी, ग्राहकापासून हॅशपर्यंत, आयपी, पोर्ट आणि मंजुरी देणाऱ्याच्या नावासह समोर ठेवा. किती मिनिटं लागली ते लिहून ठेवा, आणि कोणतं फील्ड रिकामं निघालं तेही. सोमवारी सकाळी पहिलं काम त्या फील्डचं.